दूरचित्रवाणीवरील शेती-बागायत कार्यक्रमांचा बदलता दर्जा आणि ग्रामीण प्रेक्षकांची मते : सिरसाळा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

बीड जिल्ह्याच्या परळी वैजनाथ तालुक्यात, परळी–तेलगाव मार्गावर वसलेले सिरसाळा हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव आहे. परिसरातील शेती मुख्यतः कोरडवाहू असून कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही येथील प्रमुख पिके होत. विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी ज्यांच्या वाट्याला आले, त्यांनी उसाबरोबर फळबागांचीही लागवड केली. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सातशे मिलिमीटरपेक्षा कमी आहे आणि तेही दरवर्षी वेळेवर पडेल याची खात्री नसते. अशा प्रदेशात बाग लावणे हा मोठ्या जोखमीचा निर्णय ठरतो. या निर्णयाला आवश्यक असलेली माहिती शेतकऱ्यापर्यंत पोहोचविणाऱ्या साधनांमध्ये गेल्या चार दशकांत दूरचित्रवाणीचा मोठा वाटा राहिला आहे.

या कार्यक्रमांचा विषय निघाला की वयाने मोठ्या प्रेक्षकांकडून ‘पूर्वीचे कार्यक्रम चांगले होते’ हे मत हमखास ऐकू येते. तरुण शेतकरी मात्र ‘आता हवी ती माहिती हवी तेव्हा मिळते’ असे सांगतो. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. पहिल्या मतात केवळ गतकाळाविषयीची ओढ आहे, की दर्जा ठरविण्याची एखादी निश्चित कसोटी त्यामागे आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. लेखात मांडलेली मते ही सर्वेक्षणातून काढलेली आकडेवारी नसून ग्रामीण प्रेक्षकांच्या बोलण्यात वारंवार आढळणाऱ्या प्रवृत्तींचे वर्गीकरण आहे, हे प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे.

विषयाची व्याप्ती :

युरोपीय देशांत बागकामाचे कार्यक्रम म्हणजे प्रामुख्याने घराभोवतीच्या फुलबागेचे, हिरवळीचे व छंदाचे कार्यक्रम असा अर्थ घेतला जातो. आपल्याकडे शहरांतील गच्चीवरील बाग किंवा कुंड्यांतील लागवड या विषयांवरील कार्यक्रम त्या प्रकारात मोडतात. मराठवाड्यातील खेड्यात मात्र ‘बाग’ या शब्दाने मोसंबी, डाळिंब, आंबा, सीताफळ किंवा केळी यांची उत्पन्नासाठी केलेली लागवड सूचित होते. घरामागची परसबाग ही स्त्रियांच्या कष्टावर चालणारी आणि कुटुंबाच्या भाजीपाल्याची गरज भागविणारी बाब आहे. म्हणून येथे फळबाग, भाजीपाला, परसबाग व त्यांना जोडून येणारी शेती या विषयांवरील कार्यक्रमांचा एकत्रित विचार केला आहे. छंदाच्या बागेतील चूक पुढच्या हंगामात सुधारता येते. उपजीविकेच्या बागेतील चूक कुटुंबाला अनेक वर्षे भोगावी लागते. दर्जाविषयीच्या मतांना येथे गांभीर्य प्राप्त होते ते या फरकामुळे.

कार्यक्रमांची वाटचाल :

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. २६ जानेवारी १९६७ रोजी ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू करण्यात आला, तेव्हा तो दिल्ली परिसरातील निवडक ८० खेड्यांसाठी होता. महाराष्ट्रात मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. १९७५–७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत ग्रामीण दूरचित्रवाणीचा प्रयोग (‘साइट’) करण्यात आला. शेजारच्या कर्नाटक व आंध्र प्रदेशातील काही जिल्हे त्यात होते. महाराष्ट्राचा समावेश मात्र नव्हता. मराठवाड्यातील खेडी त्यामुळे या पहिल्या टप्प्याच्या बाहेरच राहिली.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह सोडण्यात आला आणि १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने विस्तारले. तथापि या प्रक्षेपकांवरून सुरुवातीला दिल्लीचाच राष्ट्रीय कार्यक्रम दाखविला जात असे. मराठी कार्यक्रम मराठवाड्याच्या घराघरांत पोहोचण्यास त्यानंतर आणखी काही काळ जावा लागला. म्हणजेच येथील प्रेक्षक ज्याला ‘पूर्वीचा काळ’ म्हणतो, तो प्रामुख्याने १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९९० चे दशक होय.

या काळात मुंबई दूरदर्शनचा ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाचा झाला. निर्माते शिवाजी फुलसुंदर यांचे नाव या कार्यक्रमाशी कायमचे जोडले गेले आहे. त्यातील ‘गप्पागोष्टी’ या सदरात राजा मयेकर, माया गुजर यांसारखे कलावंत गावाकडच्या संवादातून शेतीविषयक माहिती देत असत. माहिती सांगणारा अधिकारी व ती ऐकणारा शेतकरी यांच्यातील अंतर या संवादरूपामुळे कमी झाले. एखादे पात्र शंका विचारी, दुसरे ती फेटाळून लावी, तिसरे अनुभवाचा दाखला देई. प्रेक्षकाच्या मनातील प्रश्न अशा रीतीने पडद्यावरच उपस्थित होत असे.

याच सुमारास फळबागांविषयीच्या माहितीची गरज एकाएकी वाढली. १९९०–९१ पासून महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम राबविला. ज्वारी-बाजरीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असलेला कोरडवाहू शेतकरी कलमे, खड्डे, बहर, छाटणी या नव्या विषयांकडे वळला. परंपरेतून न मिळालेले हे ज्ञान त्याला बाहेरून घ्यावे लागले आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांचे महत्त्व त्या प्रमाणात वाढले.

पुढील टप्पा उपग्रह वाहिन्यांचा आहे. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीसाठी दूरदर्शनची स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू झाली. ५ एप्रिल २००० पासून ती ‘सह्याद्री’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी ई-टीव्ही मराठी ही खाजगी वाहिनी आली आणि तिच्यावरील ‘अन्नदाता’ हा शेतीविषयक कार्यक्रम सकाळच्या वेळी दाखविला जाऊ लागला. पुढे वृत्तवाहिन्यांनीही शेतीसाठी स्वतंत्र वेळ राखून ठेवला. ‘एबीपी माझा’वरील ‘७/१२’ हा त्यातील परिचित कार्यक्रम होय. केंद्र शासनाने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू केले. याच सुमारास कृषी विस्तारासाठी प्रसारमाध्यमांचे साहाय्य घेण्याची योजना आखण्यात आली. तिच्या अंतर्गत दूरदर्शनच्या १८० प्रक्षेपकांवरून मर्यादित क्षेत्रासाठी स्थानिक कार्यक्रम आणि आकाशवाणीच्या ९६ एफ.एम. केंद्रांवरून शेतीविषयक कार्यक्रम प्रसारित करण्याचे ठरले. २६ मे २०१५ रोजी ‘डीडी किसान’ ही केवळ शेतीला वाहिलेली राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. २०१६ नंतर स्वस्त मोबाइल इंटरनेटमुळे यू-ट्यूबवरील चित्रफिती खेड्यापाड्यांत पोहोचल्या. साध्या अँटेनावर दिसणारे दूरदर्शनचे प्रक्षेपणही २०२१ च्या अखेरीपर्यंत बहुतेक ठिकाणी थांबविण्यात आले. एकेकाळी सायंकाळी ठरावीक वेळी मिळणारा एकच कार्यक्रम होता. आज त्याच विषयावर अगणित चित्रफिती केव्हाही उपलब्ध आहेत.

प्रेक्षकांच्या मतांचे स्वरूप :

या दीर्घ बदलाविषयी व्यक्त होणाऱ्या मतांचे स्थूलमानाने चार गट पाडता येतात.

पहिला गट पूर्वीच्या कार्यक्रमांना श्रेष्ठ मानणाऱ्यांचा आहे. भाषेचा साधेपणा, कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांचा सहभाग आणि जाहिरातीचा अभाव ही कारणे हा गट देतो. कार्यक्रमाकडे प्रश्न पत्राने पाठविता येत असे आणि कधी ना कधी त्याचे उत्तर मिळे, या गोष्टीचाही आवर्जून उल्लेख होतो.

दुसरा गट नव्या माध्यमांचे स्वागत करणाऱ्यांचा आहे. पूर्वीचा कार्यक्रम चुकला तर पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. आता डाळिंबाची छाटणी शिकायची असल्यास ती चित्रफीत दहा वेळा थांबवून पाहता येते, हा या गटाचा मुद्दा आहे. त्यात तथ्य आहे. हाताने करावयाच्या कामाचे शिक्षण वारंवार पाहण्यातून अधिक चांगले होते.

तिसऱ्या गटाचा आक्षेप ‘यशोगाथां’वर आहे. अल्प क्षेत्रात लाखोंचे उत्पन्न मिळविणाऱ्या शेतकऱ्याची मुलाखत दाखविली जाते; पण त्याच्याकडे पाणी किती होते, भांडवल कोठून आले, बाजार किती अंतरावर होता आणि त्याच पिकात अपयश आलेल्या शेजाऱ्यांचे काय झाले, हे सांगितले जात नाही. मार्गदर्शन कोणते आणि औषध-खतांची जाहिरात कोणती, हे ओळखू येत नाही, अशीही तक्रार या गटाकडून होते.

चौथा गट सर्वांत मोठा असण्याची शक्यता आहे, परंतु त्याचे मत सर्वांत कमी ऐकू येते. ‘ते आपल्यासाठी नसते’ एवढेच तो म्हणतो. पूर्वीही त्याचे मत हेच होते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांमध्ये एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी कशी करावी, हे उत्तम रीतीने सांगणारा कार्यक्रम बालाघाटाच्या मुरमाड जमिनीवर सीताफळ जोपासणाऱ्याच्या उपयोगाचा नव्हता. या गटाच्या दृष्टीने कार्यक्रमाचा दर्जा घसरला किंवा वाढला असे काही घडलेच नाही, कारण तो कार्यक्रम त्याच्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचलाच नव्हता.

‘पूर्वीचा काळ चांगला’ या मताची मर्यादा :

पूर्वीच्या कार्यक्रमांचे गुण मान्य करूनही त्यांच्या आठवणी तपासून पाहणे आवश्यक ठरते. ज्या घरात दूरचित्रवाणी संच होता, त्या घराच्या ओसरीवर बसून कार्यक्रम पाहण्याची संधी गावातील प्रत्येकास सारखी नव्हती. जात, लिंग व आर्थिक स्थिती यांचे अडसर तेथेही होते. सायंकाळी कार्यक्रम सुरू होई, तेव्हा स्त्रिया चुलीपाशी आणि अनेक शेतकरी गुरांपाशी असत. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घ भारनियमन होते. ज्या तालुक्यात औष्णिक विद्युत केंद्र आहे, त्याच परळी तालुक्यातील खेडी संध्याकाळी अंधारात असत. जे केंद्र इतरांसाठी वीज निर्माण करी, तेच २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कार्यक्रमाच्या दर्जाचा विचार वीज, पाणी व वेळ यांच्यापासून वेगळा काढता येत नाही, हे यावरून दिसते.

याशिवाय स्मृतीची निवड करण्याची सवयही लक्षात घ्यावी लागते. निरुपयोगी भाग विस्मृतीत जातात आणि आवडलेले तेवढे उरतात. म्हणून ‘पूर्वी चांगले होते’ हे विधान जसेच्या तसे स्वीकारणे जितके चुकीचे, तितकेच त्याला केवळ म्हातारपणाची हळहळ म्हणून बाजूस सारणेही चुकीचे आहे. त्या विधानातील नेमका कोणता घटक आज नाहीसा झाला आहे, हे शोधणे महत्त्वाचे.

दर्जाची खरी कसोटी :

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवप्रवर्तनाच्या प्रसाराचे विवेचन करताना जाणीव, रुची, मूल्यमापन, चाचणी व स्वीकार असे पाच टप्पे सांगितले होते. प्रसारमाध्यमे जाणीव व रुची या पहिल्या दोन टप्प्यांत प्रभावी ठरतात. मूल्यमापनाच्या टप्प्यावर मात्र माणूस आपल्या परिचयाच्या व विश्वासाच्या माणसाकडे वळतो. शेती कार्यक्रमांविषयीच्या तक्रारी या दृष्टीने पाहिल्यास त्यांचा अर्थ उलगडतो. आजच्या चित्रफिती जाणीव व रुची मोठ्या प्रमाणात निर्माण करतात. मूल्यमापनासाठी प्रश्न विचारावा, तर समोर कोणी नसते. चित्रफितीखाली लिहिलेल्या प्रश्नाला बहुधा विक्रेत्याचा दूरध्वनी क्रमांक हेच उत्तर मिळते.

पूर्वीच्या कार्यक्रमात तंत्र सामान्य होते, चित्रीकरण साधे होते. परंतु सांगणाऱ्याचे नाव, हुद्दा व संस्था प्रेक्षकाला माहीत असे. सल्ला चुकला तर कोणाला विचारावे हे ठाऊक असे. उत्तर उशिरा येई, पण ते देण्याची जबाबदारी कोणाची तरी होती. जुन्या प्रेक्षकाच्या मतातून वेगळा काढता येणारा घटक हाच आहे. त्याला उत्तरदायित्व असे नाव देता येईल. चित्राची स्पष्टता, निवेदकाचे कौशल्य किंवा माहितीचे प्रमाण या तिन्ही बाबतींत आजचे कार्यक्रम पुढे आहेत. उत्तरदायित्वाच्या बाबतीत ते मागे पडले आहेत.

फळबागेच्या बाबतीत ही उणीव विशेष घातक ठरते. सोयाबीनचे वाण चुकले तर एक हंगाम जातो. मोसंबीच्या बागेला चांगले उत्पन्न मिळण्यास साधारणतः पाच-सहा वर्षे लागतात. त्या काळात दिलेले पाणी, घातलेले भांडवल आणि गुंतलेली जमीन परत मिळत नाही. २०१२–१३ च्या दुष्काळात जालना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व बीड या जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा वाळल्या. अनेक शेतकऱ्यांनी आपल्या हाताने झाडे तोडली. डाळिंबाच्या बागांवर तेल्या रोगाचे संकट आले, तेव्हाही असाच अनुभव आला. लागवडीच्या वेळी दाखविण्यात आलेल्या यशोगाथेत टंचाईच्या वर्षी बाग कशी जगवावी, किंबहुना उपलब्ध पाण्यात ती लावावी की लावू नये, या प्रश्नाला स्थान नसेल, तर तो कार्यक्रम कितीही देखणा असला तरी त्याचा दर्जा निकृष्टच म्हणावा लागतो.

याउलट स्थानिक ज्ञान उपलब्ध असूनही ते पडद्यावर पुरेसे येत नाही. अंबाजोगाई येथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. ‘धारूर-६’ हा वाण तेथे निवडण्यात आला. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कमी पाण्यावर तग धरणारे, जनावरे सहसा न खाणारे हे झाड या प्रदेशाचे स्वाभाविक फळझाड आहे. परंतु पिकलेले फळ फार दिवस टिकत नाही. त्यामुळे काढणीची वेळ, प्रतवारी, गर काढण्याची सोय आणि पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त हे येथील बागायतदाराचे खरे प्रश्न आहेत. सिरसाळ्याच्या प्रेक्षकाला उपयुक्त ठरणारा कार्यक्रम या प्रश्नांपासून सुरू झाला पाहिजे.

परदेशातील अनुभव :

बागकामाच्या कार्यक्रमांविषयी प्रेक्षकांची नाराजी ही केवळ आपल्याकडील गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीचा ‘गार्डनर्स वर्ल्ड’ हा कार्यक्रम १९६८ पासून सुरू आहे. त्याचे लोकप्रिय निवेदक पर्सी थ्रोअर यांनी १९७६ मध्ये बागेसाठीच्या रासायनिक उत्पादनांच्या जाहिरातीत काम करण्याचे मान्य केले, तेव्हा बीबीसीने त्यांना कार्यक्रमातून दूर केले. सल्ला देणारा आणि वस्तू विकणारा एकच असू नये, हे तत्त्व तेथे एका लोकप्रिय व्यक्तीची किंमत मोजून पाळले गेले.

१९९७ ते २००५ या काळात ‘ग्राउंड फोर्स’ या कार्यक्रमाने दोन दिवसांत संपूर्ण बागेचा कायापालट करून दाखविण्याची पद्धत रूढ केली. तो अत्यंत लोकप्रिय झाला; मात्र बाग ही दोन दिवसांत होणारी वस्तू नव्हे, अशी टीकाही जाणकारांनी केली. २००९ मध्ये ‘गार्डनर्स वर्ल्ड’चे स्वरूप बदलून ते अधिक सुलभ करण्यात आले, तेव्हा नियमित प्रेक्षकांनी कार्यक्रम उथळ झाल्याची तक्रार केली. २०११ मध्ये माँटी डॉन हे निवेदक पुन्हा आले आणि त्यांच्या स्वतःच्या बागेतून कार्यक्रम सादर होऊ लागला. एकच बाग वर्षभर, ऋतूंप्रमाणे, त्यातील अपयशासह पाहावयास मिळणे हे त्या मांडणीचे वैशिष्ट्य होय.

तेथील बाग व येथील बाग यांत महदंतर आहे. तरीही दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. सल्ला व विक्री यांतील सीमारेषा स्पष्ट असावी, ही पहिली. आणि एखाद्या बागेचे यश एका दिवसाच्या भेटीत न दाखविता तिचा कालक्रम दाखवावा, ही दुसरी. ‘यशोगाथे’वरील आपल्या प्रेक्षकांचा आक्षेप आणि ‘कायापालटा’वरील तेथील जाणकारांचा आक्षेप मूलतः एकच आहे. दोन्हींमध्ये काळ वगळलेला असतो.

महाराष्ट्रातील एक विसरलेला धडा :

उत्तरदायित्व कसे साधावे याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणी केंद्राच्या परिसरातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांमध्ये, युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले. गावातील मंडळ एकत्र बसून कार्यक्रम ऐके, त्यावर चर्चा करी, आपले प्रश्न व निर्णय लिहून केंद्राकडे पाठवी आणि पुढील कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. दहा आठवडे चाललेल्या या प्रयोगात श्रोत्याचे म्हणणे निर्मात्यापर्यंत परत पोहोचणे, म्हणजेच प्रत्याभरण, हा कार्यक्रमाचाच भाग होता.

श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’च्या माध्यमातून हेच तत्त्व वेगळ्या रीतीने राबविले. शेतकऱ्याने केवळ सल्ला घेणारा न राहता स्वतः प्रयोग करावा, नोंदी ठेवाव्यात आणि त्या पत्राद्वारे इतरांना कळवाव्यात, अशी ती कल्पना होती. द्राक्ष बागायतदारांमध्ये तिचा विशेष प्रसार झाला. पडद्यावरील माहिती शेतावरच्या नोंदींनी तपासली जाते, तेव्हाच तिचे ज्ञान होते, हा या कार्याचा आशय आहे.

आज या धड्याची निकड वाढली आहे. २६ मे २०२४ रोजी ‘डीडी किसान’वर ‘एआय क्रिश’ व ‘एआय भूमी’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित निवेदक आणण्यात आले. अनेक भाषांत अखंड बोलू शकणारा निवेदक माहितीच्या प्रसारास निश्चितच उपयोगी पडेल. मात्र तो कोणाच्या वतीने बोलतो आणि त्याच्या सल्ल्याची जबाबदारी कोणाची, हा प्रेक्षकाचा प्रश्न अधिकच तीव्र होणार आहे.

मते जाणून घेण्याच्या पद्धतीविषयी :

या विषयावर महाविद्यालयीन पातळीवर अभ्यास हाती घ्यावयाचा झाल्यास काही दक्षता घ्याव्या लागतील. बीड जिल्ह्यातून मोठ्या संख्येने कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. डिसेंबर-जानेवारीत भरून घेतलेल्या प्रश्नावलीत ही कुटुंबे गैरहजर असतात. अल्पभूधारकाचे मत त्यामुळे आपोआप वगळले जाते आणि बागायतदाराचे मत ‘गावाचे मत’ म्हणून नोंदले जाते.

दुसरी बाब स्त्रियांच्या मतांची आहे. परसबागेचे काम त्या करतात, फळबागेतील खुरपणी व काढणीही त्यांच्याच हातांनी होते. परंतु घरी प्रश्नावली घेऊन गेल्यास उत्तरे पुरुष देतात. स्त्रियांशी स्वतंत्रपणे, शक्यतो बचत गटाच्या बैठकीत, संवाद साधणे अधिक योग्य ठरेल. तिसरी बाब प्रश्नांच्या स्वरूपाची. ‘कार्यक्रम आवडतो काय?’ या प्रश्नाला सौजन्यापोटी होकारार्थी उत्तर मिळते. ‘गेल्या वर्षी कार्यक्रम पाहून शेतात कोणता बदल केला? तो टिकला काय? शंका आली तेव्हा कोणाला विचारले?’ हे प्रश्न दर्जाविषयी अधिक सांगून जातात. मतापेक्षा कृती विचारावी, हा येथे साधा नियम आहे.

महाविद्यालयांची भूमिका :

ग्रामीण महाविद्यालयांत शिकणारे बहुतेक विद्यार्थी शेतकरी व मजूर कुटुंबांतील असतात. मोबाइलवरील चित्रफीत घरात प्रथम तेच पाहतात आणि वडिलांना दाखवितात. म्हणजेच माहितीचा नवा मध्यस्थ महाविद्यालयाच्या वर्गातच बसलेला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून किंवा भूगोल, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र व मराठी विभागांच्या संयुक्त उपक्रमातून गावपातळीवर लहान प्रेक्षक मंडळे उभारता येतील. महिन्यातून एकदा निवडक कार्यक्रम एकत्र पाहावा, त्यातील दावे परिसरातील पाणी, माती व बाजार यांच्याशी ताडून पाहावेत आणि उरलेल्या शंका अंबाजोगाईचे संशोधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठातील तज्ज्ञांकडे लेखी पाठवाव्यात. आलेले उत्तर, तारीख व उत्तर देणाऱ्याचे नाव यांची नोंदवही ठेवावी. या उपक्रमास फारसा खर्च नाही. भाषेच्या विद्यार्थ्यांना सल्ला व जाहिरात यांतील भाषिक भेद ओळखण्याचे शिक्षण त्यातून मिळेल आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दावा तपासण्याचे.

समारोप :

शेती-बागायत कार्यक्रमांचा दर्जा सरसकट घसरला किंवा सरसकट सुधारला, असे म्हणता येत नाही. तांत्रिक बाजू व उपलब्धता यांत निर्विवाद प्रगती झाली आहे. स्थानिक परिस्थितीशी सुसंगती ही पूर्वीही अपुरी होती आणि आजही अपुरी आहे. उत्तरदायित्व मात्र निश्चितपणे क्षीण झाले आहे. जुना प्रेक्षक ‘पूर्वीचे चांगले होते’ असे म्हणतो, तेव्हा त्याला अभिप्रेत असते ते हेच. तरुण शेतकऱ्याच्या समाधानात जे सत्य आहे, त्याच्याशी या मताचा विरोध नाही. पहिला उत्तर देणाऱ्या माणसाविषयी बोलतो, दुसरा माहितीच्या साधनाविषयी. दोन्हींची सांगड घालणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे.

बाग लावण्याचा निर्णय घेणारा कोरडवाहू शेतकरी आपल्या विहिरीतले पाणी आणि कुटुंबाची पाच-सहा वर्षे पणाला लावतो. त्याला सल्ला देणाऱ्या कार्यक्रमाचे मोजमाप प्रेक्षकसंख्येने करणे अपुरे आहे. कार्यक्रम संपल्यानंतर त्या शेतकऱ्याच्या मनात उरलेला प्रश्न कोणी ऐकून घेतो की नाही, यावरच त्याचा दर्जा ठरतो.